कागदावर नको

आमच्या आजोबांच्या रोजकीर्दी त्यांच्या पश्चात् वाड्याच्या माडीवर एका फडताळांत कित्येक वर्षें पडून होत्या. कल्याणास टिळक चौकाजवळचा तो वाडा आतां राहिलेला नाहीं. त्याच्या जागीं इमारत उठली, आणि आम्ही दोघे बंधु एकाच मजल्यावरील दोन बिऱ्हाडांत, पण एकाच स्वयंपाकघरावर, राहूं लागलों. वाडा रिकामा करतांना ज्या वस्तु टाकून देण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं, त्यांत या वह्या होत्या. आजोबांचा हिशेब मोठा चोख. चार आण्यांची भाजी, दोन पैशांचें एरंडेल, क्विनीनच्या गोळ्या, वैद्यबुवांस दिलेले पैसे, सारें तारीखवार. १९४१ सालच्या वहींत मात्र आम्ही एके ठिकाणीं अडखळलों. 'श्रीक्षेत्र वाडी, देवदर्शन' या नांवें ओळीनें चार महिने मोठ्या रकमा खर्चीं पडलेल्या होत्या. आमच्या घराण्यांत दत्तभक्ति आहे हें खरें. परंतु देवदर्शन चार महिने चालावें इतकी ती कधींच नव्हती. आईस विचारलें तेव्हां ती म्हणाली, "वाडी कसली रे! धाकटे मामंजी मिरजेला होते. क्षय झाला होता त्यांना."

मिरजेस डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं सुरू केलेलें मिशनचें रुग्णालय होतें, आणि पुढें क्षयरोग्यांकरितां तेथें सॅनिटोरियमही झालें. नरसोबाची वाडी तेथून जवळ. तेव्हां आजोबांनीं वहींत लिहिलें तें अगदींच खोटें नव्हतें. दर्शनही घडलें असेल. नवल वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. ज्यांस क्षय झाला होता त्यांस जाऊन सत्तर वर्षें होत आलीं होतीं, घरांत आमच्याखेरीज ऐकणारें कोणी नव्हतें, तरी तो शब्द उच्चारतांना आईचा आवाज खालीं आला.

आजार झांकून ठेवण्याची ही रीति आमच्या एकट्याच्या घरची नव्हे. आमची आजी आनंदीबाई जोशी यांचें नांव फार अभिमानानें घेई. १८६५ सालीं त्या आमच्या कल्याणांत जन्मल्या, पहिलें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें तेव्हां वैद्यकी शिकण्याचें त्यांनीं मनांत घेतलें, १८८६ सालीं फिलाडेल्फियास जाऊन डॉक्टर झाल्या, हें सर्व ती नातवंडांस सांगे. १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांस क्षयानें मृत्यु आला, एवढें एकच वाक्य ती गाळी. "फार श्रम झाले हो तिला," असें म्हणून गोष्ट आटोपती घेई. याचें कारण उघड आहे. क्षय, महारोग, वेड, फेफरें यांपैकीं एकाचा नुसता वास आला तरी घरांतल्या मुलींच्या सोयरिकी मोडत. मधुमेहानें कोणाची सोयरीक मोडल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. पण झांकण्याची संवय एकदां लागली म्हणजे काय झांकावें याचा विवेक राहत नाहीं.

पूर्वीं हें झांकणें परवडत असे. मोठ्या घरांत आजार बाहेरच्यांपासून लपविला तरी आंतल्या माणसांस तो ठाऊकच असे. एकजण अंथरुणाला खिळला कीं दुसरा त्याच्या वांट्याचें काम करी, तिसरा रात्रीं उशाशीं बसे, आणि खर्च सामाईकांतून निघे. जें ओझें घरच वाहणार, त्याची वार्ता बाहेर देण्याचें प्रयोजन काय? विम्यांत नेमकें याच्या उलट आहे. तेथें ओझें परका उचलतो, आणि काय उचलावयाचें तें त्यास आधीं सांगावें लागतें. ही साधी गोष्ट समजण्यास आम्हांस पांच वर्षें आणि पुष्कळ पैसे लागले.

विमा हा प्रकार घरास नवा होता असेंही नाहीं. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. तिची पॉलिसी आजोबांच्या पेटींत होती. १९५६ सालीं चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतां आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें व ती कंपनीही महामंडळांत विलीन झाली. परंतु तो मरणाचा विमा. मनुष्य मेला कीं नाहीं याविषयीं वाद निघण्यास जागा थोडी. आजाराचा विमा 'मेडिक्लेम' या नांवानें सरकारी कंपन्यांनीं १९८६ सालीं आणला, आणि तोंवर घरेंही लहान होऊं लागलीं होतीं.

२०१७ च्या जून महिन्यांत आम्हीं आमचे वडील बंधु दादा व वहिनी यांच्यासाठीं पांच लक्षांची पॉलिसी घ्यावयाचें ठरविलें. दादा त्या वर्षीं निवृत्त व्हावयाचे होते, आणि कचेरीकडून मिळणारा विमा नोकरीबरोबरच संपतो हें आमच्या जरा उशीरांच ध्यानांत आलें होतें. घरांतील कागदपत्रांचें काम आमच्याकडे, सबब अर्ज आम्हींच भरावयास घेतला. नांव, जन्मतारीख, उंची, वजन झालें. पुढें प्रश्न होता, मधुमेह आहे काय? दादांस तो २०१२ पासून होता, आणि हें ठाऊक असलेलीं माणसें आमच्या समजुतीप्रमाणें तीनच होतीं. दादा, वहिनी व आम्ही. आम्हीं लेखणी थांबवून दादांकडे पाहिलें. दादा वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणाले, "कागदावर नको. पोरीचें ठरायचें आहे."

विमा कंपनीचा अर्ज वरपक्षाच्या हातीं कसा पडणार होता, तें दादांनीं सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं. अर्ज घेऊन आलेले गृहस्थ ओळखीचेच होते, तेही म्हणाले, "गोळ्यांनीं ताब्यांत आहे ना? मग काय एवढें!" आम्हीं 'नाहीं' असें लिहिलें. दादांनीं खालीं सही केली. खरें लिहिलें असतें तर हप्ता वर्षास तीन-चार हजारांनीं वाढला असता, आणि तेवढे वांचले याचा आम्हांस थोडा आनंदही झाला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पुढच्या वर्षीं पुतणीचें लग्न झालें. २०२२ च्या फेब्रुवारींत एके पहाटे दादांस दरदरून घाम सुटला. छातींत कळ नव्हती, नुसती घालमेल होती. रुग्णालयांत नेलें तेव्हां पाळीवरच्या तरुण डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो असा, "साखर आहे का? किती वर्षें?" वहिनींनीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, "दहा वर्षें झालीं." जुन्या मधुमेहांत नसांची जाणीव बोथट होते व हृदयविकाराची कळ पुष्कळदां उमटतच नाहीं, म्हणून डॉक्टर हें आधीं विचारतात, असें आम्हांस मागाहून कळलें. वहिनींचें उत्तर ऐकून त्यांनीं विलंब न लावतां हृदयाचा आलेख काढला. त्याच आठवड्यांत बायपासची शस्त्रक्रिया झाली आणि दादा वांचले.

कंपनीचें उत्तर पांचव्या दिवशीं आलें. रोग पूर्वींपासून असून अर्जांत दडविला होता, सबब दावा नामंजूर व पॉलिसी रद्द. त्यास पुरावा रुग्णालयाच्याच कागदाचा होता; दाखल करतांना लिहिलेली 'दहा वर्षें' ही ओळ त्यांनीं बरोबर उचलली होती. बिल ४,८६,००० रुपयांचें झालें. दादांची मुदतीची ठेव मोडून अडीच लक्ष उभे केले, एक लक्ष आमच्या खात्यांतून निघाले, आणि राहिलेल्या १,३६,००० रुपयांसाठीं वहिनींच्या पाटल्यांचा जोड तारण ठेवावा लागला.

दादा घरीं आल्यावर समाचारास माणसें येऊं लागलीं, आणि विम्याची हकीकत निघाल्यावांचून राहिना. आत्या आल्या. सारें ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "पण हिनें डॉक्टरला सांगितलेंच कशाला? पांच लाख गेले ना एका वाक्यापायीं!" दोघां-तिघांनीं माना हालविल्या. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनीं सर्वांस चहा दिला व त्या आंत गेल्या. आम्ही तेथेंच बसलों होतों. अर्ज कोणाच्या अक्षरांत आहे हें आत्यांस ठाऊक नव्हतें. वहिनींस होतें, आणि त्यांनीं आमच्याकडे पाहिलेंही नाहीं. आम्हीं चहा घेतला आणि बोललों नाहीं. असें आणखी दोन वेळां घडलें.

विमा लोकपालाकडे तक्रार करण्यास शुल्क लागत नाहीं, तें करून पाहा, असें एका स्नेह्यांनीं सुचविलें. तक्रारींत काय लिहावें याचा विचार करीत आम्हीं एका रात्रीं पॉलिसीचें पुस्तक प्रथमच शेवटपर्यंत वाचलें. त्यांत असें होतें कीं, अर्जांत सांगितलेल्या जुन्या आजाराचा खर्च पहिलीं चार वर्षें मिळणार नाहीं, त्यानंतर मिळेल. जून २०१७ मध्यें चार वर्षें मिळवून पाहिलीं. जून २०२१. दादांचा आजार फेब्रुवारी २०२२ चा. म्हणजे 'आहे' असें लिहिलें असतें तर मुदत आठ महिने आधींच पुरी झालेली असून खर्च मिळावयास हरकत नव्हती. तक्रार आम्हीं केली नाहीं. कोणत्या तोंडानें करणार?

दुसऱ्या दिवशीं आत्यांस बोलावून घेतलें व सर्वांदेखत सांगितलें कीं, पैसे वहिनींच्या वाक्यानें गेले नसून आमच्या एका शब्दानें गेले, आणि त्यांचें वाक्य नसतें तर दादाही गेले असते. आत्या कांहीं वेळ गप्प बसल्या. दादा म्हणाले, "अक्षर तुझें असेल, तोंड माझें होतें." वहिनी तेवढ्या बोलल्या त्या अशा, "भावजी, दहा वर्षें मी ह्यांच्या गोळ्या डाळीच्या डब्यामागें ठेवतें आहें. आजपासून त्या वर काढून ठेवीन म्हणतें." आणि त्यांनीं खरोखरच उठून त्या जेवणाच्या मेजावर आणून ठेविल्या. पाटल्या सोडवून आणण्यास मात्र पुढें चौदा महिने लागले.

त्यानंतर नियम पुष्कळ बदलले आहेत. एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारासाठीं थांबण्याची मुदत तीन वर्षांहून अधिक ठेवतां येत नाहीं. पांच वर्षें विमा अखंड चालल्यावर, मुद्दाम केलेली लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, अमुक आजार सांगितला नव्हता म्हणून दावा नाकारतां येत नाहीं. पूर्वीं ही मर्यादा आठ वर्षांची होती. हें ऐकून आमच्या एका नातलगांनीं, "मग पांच वर्षें गप्प बसलें कीं झालें," असा निष्कर्ष काढला. आमचीं चार वर्षें आठ महिने झालीं होतीं, एवढेंच आम्हीं त्यांस सांगितलें. सप्टेंबर २०२५ मध्यें वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर उठला, हें मात्र निर्भेळ चांगलें झालें.

खोलीच्या भाड्याची मेख पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून ती सांगतों. पांच लक्षांच्या पॉलिसींत भाडें दिवसास एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये, असें बंधन असलें आणि आपण १०,००० ची खोली घेतली, तर वरचे ५,००० तेवढे आपल्या अंगावर येतील असें वाटतें. तसें नाहीं. शल्यवैद्यांची व भूल देणाऱ्यांची फी, शस्त्रक्रियेच्या दालनाचा आकार, हेंही सारें निम्मेंच हातीं येतें. औषधें व तपासण्या तेवढ्या या कातरींतून सुटतात. पाहुण्यांस बसावयास जागा हवी म्हणून मोठी खोली घेणाऱ्या आमच्यासारख्या घरांस हें फार महाग पडतें.

दादांस पुन्हां विमा देण्यास कोणी राजी होईना. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची व्याप्ति पुढें पांच लक्षांपर्यंत वाढून पांढऱ्या शिधापत्रिकेसही ती लागू झाली, तेव्हां वहिनींनींच त्याची चौकशी केली. "ती आपल्यासाठीं नव्हे" असें घरांत सर्वांच्या तोंडीं आलें. कां नव्हे, तें कोणास सांगतां आलें नाहीं. आईस तर सत्तरीवरील सर्वांकरितां ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झालेल्या आयुष्मान योजनेचें कार्ड मिळालें आहे, आणि तें ती पोथीच्या बासनांत ठेवते. याशिवाय घरांत दरमहा कांहीं रक्कम आजारपण म्हणून निराळी काढतों. सामाईकाची जुनी चाल तेवढी उरली आहे.

२०२५ च्या दिवाळींत आमच्या चिरंजीवांस व सूनबाईंस पॉलिसी घ्यावयाची होती. अर्ज मेजावर मांडला, आणि सर्वांनीं आपापले आजार मोठ्यानें सांगावे असें दादांनींच फर्माविलें. आईनें सुद्धां सांगितले. सूनबाईंस थायरॉइडचा विकार माहेरापासून असल्याचें आम्हांस त्या दिवशीं कळलें. तो सर्वांत आधीं लिहिला. इतक्यांत पुण्याहून पुतणीचा फोन आला. काय चाललें आहे तें ऐकून ती हंसूं लागली. "बाबांची साखर मला कॉलेजांत असल्यापासून ठाऊक होती. डाळ काढायला मीच जायचें ना!" आणि मग म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनाही आहे, लग्नाच्या आधींपासून. सासूबाई गोळ्या पोह्यांच्या डब्यांत ठेवतात."

दादांनीं फोन आपल्याकडे मागून घेतला. "व्याह्यांना म्हणावें," ते म्हणाले, "विम्याच्या अर्जांत काय लिहिलें आहे तें आजच्या आज काढून पाहा, आणि चुकीचें असेल तर कंपनीला स्वतः होऊन कळवा. लागलें तर मी येतों बोलायला."