जुळणारा वक्र, न जुळणारी प्राचले

मोजलेल्या आकड्यांना एखादे फल जुळवणे म्हणजे ज्याचे रूप ठरलेले आहे, पण ज्यातील स्थिरांक अजून सापडायचे आहेत, असा वक्र निरीक्षणांच्या शक्य तितका जवळ आणणे. या स्थिरांकांना प्राचले म्हणतात. लजांद्र यांनी 1805 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्ग पद्धतीत निरीक्षण आणि वक्र यांमधील फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करतात. प्राचले घातांकात दडलेली असली की हे काम एका पायरीत होत नाही, म्हणून लेव्हनबर्ग (1944) आणि मार्क्वार्ट (1963) यांच्या रीतीने एका अंदाजापासून पायरीपायरीने उतरावे लागते, आणि जीएनयूप्लॉट किंवा सायपाय या आज्ञावल्या ते निमूटपणे करतात.

हा निमूटपणाच घातक ठरतो. कॉर्नेलियस लांत्सोश यांनी 1956 च्या ग्रंथात तीन घातांकी पदांच्या बेरजेतून 24 बिंदू काढले. पदांचे क्षयदर 1, 3 आणि 5 होते आणि बिंदूंची मूल्ये दोन दशांश स्थळांपर्यंत दिली होती. त्याच बिंदूंतून 4.45 आणि 1.58 क्षयदरांची केवळ दोन पदेही तितक्याच चोखपणे जातात, म्हणजे वक्र बिनचूक बसतो आणि त्यातला एकही क्षयदर खरा नसतो. अवशेष, म्हणजे जुळणीनंतर उरलेले फरक, बिंदूंनुसार मांडून पाहण्याची सवय चांगलीच (नुसत्या सहसंबंध गुणांकावर समाधान मानणाऱ्यांपेक्षा पुष्कळच चांगली), परंतु चुकीच्या रूपाचे अवशेषही मोजमापाच्या अचूकतेत बुडून गेले, की तीही काही सांगू शकत नाही.

प्रारंभिक अंदाज दिला नाही, तर या दोन्ही आज्ञावल्या प्रत्येक प्राचल 1 धरून निघतात; तिन्ही पदे सुरुवातीला तंतोतंत सारखी असली, तर त्यांना वेगळे करण्याचा आधारच उरत नाही. जुळणीनंतर छापल्या जाणाऱ्या प्रमाणत्रुटी आणि प्राचलांमधील सहसंबंध बहुतेक जण वाचत नाहीत, वास्तविक दोन प्राचलांचा सहसंबंध 1 किंवा –1 च्या अगदी जवळ असणे म्हणजे त्यांना वेगळे ओळखण्याइतकी माहिती आकड्यांत जवळजवळ नसणे होय.

ती माहिती बाहेरून आणावी लागते. नमुन्यात कोणती किरणोत्सारी समस्थानिके आहेत हे आधीच ठाऊक असेल, तर त्यांचे अर्धायुकाल कोष्टकातून घेऊन क्षयदर पक्के करता येतात. मग शोधायच्या उरतात त्या केवळ प्रत्येक पदाच्या मात्रा, आणि त्या समीकरणात रेषीय असल्यामुळे कोणत्याही प्रारंभिक अंदाजाशिवाय एका पायरीत निघतात.