बिडाचा तवा आणि चपटा बर्गर

मालवण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सिंधुदुर्ग किल्ला, हो ना? शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. पण आम्ही गेलो ते नेमके जूनमध्ये! दर्या खवळलेला. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. किल्ला नाही आणि ताजी सुरमईही नाही. माझा भाचा रुसूनच बसला. शेवटी म्हणाला, "मामा, निदान स्मॅश बर्गर तरी करू या!"

स्मॅश बर्गर म्हणजे चपटा बर्गर. खिम्याचा गोळा सणसणीत तापलेल्या तव्यावर टाकायचा आणि दाबून पातळ करायचा. बस्स! एवढ्यासाठी कशाला खटाटोप, असं मलाही वाटलं होतं.

पण त्याला तवा हवा जाड. आणि मालवणी घरात तो असतोच! घावणे करायचा बिडाचा तवा. एकदा तापला की लवकर निवत नाही. भाच्याने हात घालताच आजी कडाडली, "ह्या काय रे, झिला?" बरोबरच होतं तिचं. घावण्यांच्या तव्यावर दुसरं काही केलं, की घावणे चिकटतात. वर्षानुवर्षं तेल पिऊन तो गुळगुळीत झालेला असतो. मग तिने माशांचा जुना तवा काढून दिला. तोही बिडाचाच.

पहिला बर्गर फसला. आम्ही तो अर्धा शिजल्यावर वाटीने दाबला. सगळा रस तव्यावर, आणि हातात चामडं! दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच, खिमा कच्चा असताना. मीठही आधी कालवायचं नाही, नाहीतर खिमा रबरासारखा होतो. ते वरून भुरभुरायचं. दाबल्यावर मात्र हात लावायचा नाही. कडा तपकिरी झाल्या की उलथन्याने खरवडून उलटायचा.

त्या तपकिरी कडांतच सगळी गंमत आहे, बरं का! ओला पदार्थ १०० अंशांच्या फारसा वर तापत नाही. पातळ खिम्यातलं पाणी चटकन वाफ होऊन जातं, मग तव्याला टेकलेला भाग १४० अंशांच्या वर जातो आणि त्याला खमंग वास सुटतो. मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया सांगितली. तळलेल्या बांगड्याचा खरपूसपणाही त्यातलाच.

आजीचे कोंबडीवड्यांचे वडेही थापूनच होतात, केळीच्या पानावर. पण तिथे उलटा प्रकार! वाफ आत कोंडते, म्हणून वडा टम्म फुगतो.

दुसरा बर्गर जमला. बेकरीचा पाव, कांदा, थोडी खोबऱ्याची लसणीची चटणी. कुरकुरीत आणि रसाळ, दोन्ही! तेव्हा करून बघाच, पण मोठ्यांना जवळ उभं करून, कारण तेल फार उडतं. आणि डब्यात भरून न्यायचा बेत असेल तर मुळीच करू नका. आम्ही एक मामीसाठी झाकून ठेवला होता. अर्ध्या तासात तो ओला पुठ्ठा झाला.

आजी तव्याशेजारी उभी राहून ओरडत होती, "गरम आसा तवसर खा!" स्वतः तिने एकच कड मोडून खाल्ली. मग म्हणाली, "बरा लागता." आणि घावण्यांचा तवा उचलून फळीवर, भाच्याच्या हाताला लागणार नाही इतका उंच, ठेवून दिला.