गाठ, सुई आणि सहा महिने

तारनाक्यातल्या एका मराठी घरात ती स्तनाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा वाचते. ‘बायरॅड्स’ वर्गवारीतला तिसरा वर्ग, म्हणजे बहुधा साधी गाठ, फायब्रोअडेनोमा.

या वर्गात कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नसते. म्हणून ६ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी आणि साधारण २ वर्षं लक्ष ठेवणं, हा मान्य मार्ग. गाठ वाढली किंवा रिपोर्ट चौथ्या वर्गात गेला, तर मात्र बायोप्सी टाळू नये.

सासूबाई म्हणतात, “सुई लावली की गाठ चिघळते गं.” हा समज साफ खोटा! सुईची कोअर बायोप्सी जागा बधिर करून होते. बाई सहसा त्याच दिवशी घरी येते.

आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल, किंवा थांबण्याच्या काळजीने झोपच उडणार असेल, तर बायोप्सीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

थांबायचं ठरवलंत, तर पुढची तारीख चुकवू नका.