सारंगखेड्याची वाट आणि आप्पांची वही

आप्पांची वही लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीची असते तशी लांबोडकी. उधारी मात्र तिच्यात कुणाचीच नाही. डावीकडे जोडीचं गाव, मग बैलांचे रंग, मग सेकंद आणि उरलेल्या जागेत मुंगीच्या पावलांची टिपणं : ‘जमीन ओली’, ‘ऐन उन्हात धावली’, ‘डावा नवा’, ‘हाकणारा बदलला, भाचा बसला होता’. आप्पा जळगावात आमच्या शेजारी राहतात. उभी हयात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजण्यात गेली. मोजायची सवय गेली नाही. खानदेशात जिथे कुठे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो तिथे ते वही घेऊन हजर. मार्गशीर्ष लागला आणि कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, “सारंगखेडाले येस का?”

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला मला जायचं होतंच, पण माझं कारण वेगळं होतं. काही वर्षांपूर्वी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असताना जावयाने एका संध्याकाळी मेडोलँड्सच्या मैदानावर नेलं होतं. तिथे घोड्यावर कुणी बसत नाही. घोड्यामागे दोन चाकांची सायकलसारखी हलकी गाडी, तिच्यावर पाय फाकवून बसलेला हाकणारा आणि मैलभराची फेरी. आत शिरताना हातात एक पुस्तिका पडली. प्रत्येक घोड्याच्या नावाखाली त्याच्या मागच्या शर्यतींच्या ओळी : पाव मैलाला किती सेकंद, अर्ध्या मैलाला कितवा, कुठल्या रांगेतून सुटला, कोण हाकत होतं, माती कोरडी की चिखल, चाल मोडली का. आजूबाजूची म्हातारी माणसं पेन्सिली घेऊन त्यात बुडालेली. तेव्हाच मनात आलं होतं, ही आपल्या आप्पांची वही, फक्त छापलेली.

जळगावहून एसटी निघाली. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, विद्यापीठ मागे पडलं, पाळधी गेली. दोन्ही अंगांना वेचून झालेल्या पऱ्हाट्या आणि मधूनच दादरीचे हिरवे पट्टे. धुळ्यापर्यंतचे नव्वदेक किलोमीटर आता चौपदरी रस्त्याने लवकर सरतात. आप्पांना ते आवडत नाही. खिडकीतून बैल दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पऱ्हाट्यांकडे बघत त्यांनी आकड्याची गोष्ट काढली. मुंबईत जो आकडा फोफावला तो मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचा : तिथला उघडता आणि बंद होतानाचा भाव तारेने यायचा आणि त्यावर इथे पैसे लागायचे. १९६१ साली ते भाव येणं थांबलं, मग चिठ्ठ्या आल्या आणि पुढे मटका. “कापूस आमना, आकडा त्यासना, अन् बुडना कोण?” असं म्हणून ते स्वतःच हसले. मटका आणि शंकरपट यांना ते एका पंगतीत बसवत नाहीत. मटक्यात बघण्यासारखं काही नसतं. चिठ्ठीला पाय नाहीत.

एरंडोलला चहा झाला. पारोळ्याला किल्ल्याचे बुरूज दिसले. झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांब्यांचं गाव म्हणून पारोळेकर अजून छाती पुढे काढतात. पारोळ्याच्या पुढे एका फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालत गेलो तेव्हा माणसांच्या आवाजावरून पट सापडला.

कापणी झालेलं, रोलर फिरवलेलं शेत. दोन सरळ धावपट्ट्या, शेवटाला घड्याळवाले. छकडी म्हणजे दोन चाकं, एक दांडी आणि हाकणाऱ्याला जेमतेम पाय रोवता येतील एवढी फळी. झेंडी पडते आणि आठ-दहा श्वासांत सगळं संपतं. जोडी पुढच्या जोडीशी नव्हे, घड्याळाशी धावते. त्यामुळे प्रेक्षक धुरळ्याकडे बघत नाहीत, भोंग्याकडे कान लावतात. सेकंद आणि त्याचे शंभरावे भाग पुकारले की घोळक्यात एक ‘हॅ’ किंवा एक ‘हो’ उठतो.

इथे आप्पांचं काम सुरू होतं आणि ते बघण्यासारखं आहे. ते धावपट्टीकडे जातच नाहीत. मागे, जिथे जोड्या झाडाला बांधलेल्या, तिथे फिरतात. बैलाच्या मागून जातात, खुरांकडे बघतात, शेण बघतात. कुठला बैल पाणी प्यायला आणि कधी, ते विचारतात. दात बघून वय ताडतात : अदंत, दोनदाती, चौदाती. मग हळूच विचारतात, “उजवा मागल्या पटात डावीकडे होता ना?” मालक चमकतो. बाजू बदलली की बैल बिचकतो, निदान पहिल्या उडीला तरी. आणि एवढ्याशा धावेत पहिली उडी गेली की सगळंच गेलं. वहीतला सेकंद खरा असतो, पण तो कसा झाला हे सेकंद सांगत नाही. आप्पांच्या टिपणांना किंमत आहे ती त्यामुळे. मेडोलँड्सच्या म्हाताऱ्यांचंही तेच चाललं होतं : आतल्या रांगेतून सुटून पहिला आलेला घोडा आणि सगळी फेरी बाहेरच्या बाजूने लांबून धावत तिसरा आलेला घोडा, यांतला चांगला कुठला?

तिथे एक पांढरी जोडी होती, लालसर नाकाची, लालसर खुरांची. तापीकाठच्या खिल्लारची हीच खूण. जुने लोक त्यांना थिल्लारी म्हणतात. वहीत त्या जोडीचे तीन पट लागोपाठ उत्तम. आप्पांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मान हलवली. उजवा बैल मागच्या एका पायावरचा भार सारखा काढून घेत होता. “आज नही पयाव हाई,” असं म्हणून ते उसाच्या रसाकडे वळले. जोडी धावली आणि त्या दिवसाचा सगळ्यांत कमी वेळ तिचाच लागला. आप्पांनी वही काढली, सेकंद लिहिले आणि पुढे लिहिलं : ‘माझं चुकलं. पाय माशीने हलत होता.’

घोळक्यात दोन पोरांनी त्यांना गाठलं. पुढच्या फेरीत कोण, एवढंच सांगा आप्पा. ते म्हणाले, बैल दाखवतो, पैसा दाखवत नाही. पोरं हिरमुसली. त्यांच्या खिशात काय चाललं होतं ते उघड होतं आणि तोच गुन्हा आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलांची तपासणी हवी, चाबूक-आरी-विजेचा झटका नको. पैज मात्र १८८७ च्या जुगार कायद्याने तेव्हाही बंद होती, आताही आहे.

त्याच कायद्यात परवाना असलेल्या घोडशर्यतीला सूट आहे, ही माझ्या मनातली जुनी टोचणी. १८८३ पासून चाललेल्या महालक्ष्मीच्या मैदानावर टोपी घातलेला माणूस खिडकीवर पैसे लावतो तो रीतसर. १९९६ मध्ये मद्रासच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की घोड्यांच्या शर्यतीचा अंदाज हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा भाग. आप्पांच्या कौशल्याला अशी सनद कुणी दिलेली नाही. आप्पांना यात काडीचा रस नाही. तरुणपणी त्यांनीही लावलेत. ते थांबले कायद्याच्या भीतीने नव्हे. “पैसा लागना का डोया खोटं बोलस,” ते म्हणाले. आपण ज्याच्यावर लावले त्या बैलाचा लंगडा पाय दिसेनासा होतो.

धुळ्यात मुक्काम. आग्रा रोडला लागून एका खानावळीत भरीत आणि कळण्याची भाकरी. जळगावकराने धुळ्यात भरीत खाऊ नये, त्याला नावं ठेवण्यातच जेवण संपतं, आमचंही संपलं. रात्री मी आप्पांना हँडिकॅप समजावला. महालक्ष्मीला जिंकणाऱ्या घोड्याचं मानांकन वाढतं आणि त्याबरोबर पाठीवरचं वजन. जॉकी हलका असेल तर खोगिराशी शिशाच्या पट्ट्या. गाडीच्या शर्यतीत वजनाने फारसं बिघडत नाही, कारण ओझं चाकांवर. म्हणून फ्रान्स, न्यूझीलंडकडे तगड्या घोड्याला वीस-पंचवीस मीटर मागून सोडतात. आप्पा उठून बसले. “म्हणजे हुशार पोऱ्याले पेपर उशिरा द्यायचा!” त्यांना तो अन्याय वाटला. शंकरपटात तसलं काही नाही. गट पाडतात, गावातल्या जोड्यांचा वेगळा गट ठेवतात, पण पळणाऱ्याला पळू देतात. मी म्हटलं, तसं केलं नाही तर निकाल आधीच ठरेल, मग पैसे कोण लावील? यावर ते एवढंच म्हणाले, “तेच तर.” आणि झोपले.

सकाळी सोनगीरचा किल्ला डावलून गाडी दोंडाईचाकडे वळली. चिमठाण्याला आप्पांनी हात जोडले. १९४४ मध्ये क्रांतिकारकांनी इथे सरकारी खजिना लुटला होता. दोंडाईचात मिरचीने नाकात पाणी आणलं. मग तापीचा पूल, रुंद संथ पाणी आणि पलीकडे सारंगखेडा. १ जुलै १९९८ पासून हे गाव नंदुरबार जिल्ह्यात मोडतं, पण आप्पांच्या तोंडी अजून ‘धुळं जिल्हा’च.

एकमुखी दत्ताची यात्रा, आणि तिच्याभोवती घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून आलेले मारवाडी, काठेवाडी. कान टोकाशी एकमेकांना भिडलेले. अबलख, कुमैत, पांढरेशुभ्र नुकरे, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याणी. इथे वही चालत नाही, कारण इथे सेकंदच नाहीत. इथे भोवरे आहेत. गळ्यावर देवमण असला की किंमत चढते. डोळ्याखाली भोवरा असला की आसूढाळ म्हणून तोच घोडा कुणी दारात उभा करत नाही. असल्या परीक्षेवर माझा काडीचा विश्वास नाही. पण बाजार त्यावर चालतो आणि घोडा विकत घेणाऱ्याला पुढे तो विकायचाही असतो, तेव्हा भोवरा खोटा असला तरी भाव खरा.

आणि इथे रवाल आहे. वाळूच्या पट्टीवर एक स्वार घोडा काढत होता आणि मी जागीच थांबलो. घोडा ना दुडकत होता, ना उधळत होता. एका बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ बरोबर उचलले जात होते, मग दुसऱ्या बाजूचे. स्वार पाटावर बसल्यासारखा स्थिर. थेट मेडोलँड्स आठवलं. अमेरिकेत गाडीला जुंपतात त्यांतले बहुतेक घोडे अशाच बाजूच्या चालीचे. त्यांच्या जातीचं नाव ‘स्टँडर्डब्रेड’ पडलं ते १८७९ मध्ये ठरवलेल्या मोजमापावरून : मैलाला अडीच मिनिटं, त्याच्या आत आला तर वहीत नाव. चाल टिकावी म्हणून त्यांच्या पायांना दोन्ही बाजूंनी पट्ट्यांचे फास अडकवतात. इथल्या पट्टीवर पट्टे नव्हते. स्वाराची मांड आणि लगाम, बस्स. वेग वाढवता वाढवता घोड्याने चौखूर उडी घेतली की बघे हात झटकतात : मोडली चाल. तिकडेही तेच. कितीही पुढे असला तरी चाल मोडलेला घोडा हाकणाऱ्याला मागे ओढावा लागतो आणि लोकांचे पैसे त्याच्याबरोबर मागे जातात. पळण्याची मुभा नसलेली शर्यत ही. घाई आवरून जो जास्तीत जास्त घाई करील तो जिंकेल.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग एका कुमैत घोडीकडे बोट दाखवून म्हणाले, “पाय दखू नको. कान दख.” चाल मोडायच्या आधी तिचे कान मागे पडत होते, एक क्षणभर. दुसऱ्या फेरीत मी कान बघितले, ते पडले आणि मी मनात ‘आता’ म्हणायच्या आत तिने उडी घेतली. घोड्यांत आप्पा नवखे होते. दोन फेऱ्यांत त्यांनी ते हेरलं.

दुपारी शहाद्याकडचा एक शेतकरी त्यांना ओढून घेऊन गेला. त्याला तीच घोडी हवी होती, लग्नाच्या वरातींसाठी. व्यापाऱ्याने उपरणं पसरलं, त्याखाली दोघांचे हात गेले. बोटं दाबली जात होती, चेहरे कोरे. मध्येच शेतकऱ्याने आप्पांचा हात उपरण्याखाली घेतला. कितीवर आलंय ते कळवलं असावं. आप्पांनी घोडीच्या कानांकडे बघितलं, आणि त्यांचंही बोट आत हललं. वरातीत कोण चाल मोजणार, असं काहीसं ते पुटपुटले. सौदा झाला की नाही हे घोडीच्या पाठीवर थाप पडली तेव्हा मला कळलं. किती रुपयांना, ते अजून कळलेलं नाही.

परतीच्या गाडीत तापीचा पूल लागला तेव्हा आप्पांनी वही उघडली. कुमैत घोडी, सहा वर्षं, देवमण, रवाल चांगली, कान मागे पडले की मोडते. सेकंदांच्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि शेजारी लिहिलं : ‘ढोल-ताशापुढे बघणे.’