सी फॉर्म ते शांतिपथ

लातूरला क्लासच्या ऑफिसात फीच्या पावत्या फाडत होते तोवर परराष्ट्र खात्याशी माझा काही संबंध नव्हता. नांदेडला मामांच्या लॉजवर काउंटरला बसले आणि तो लगेच आला. लॉज गुरुद्वाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. सचखंड श्री हजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला तो इथेच. त्यामुळे लुधियाना-जालंधरचे यात्रेकरू येतात तसे साउथॉलचे, ब्रॅम्प्टनचे, सरेचेही येतात. दिसायला, बोलायला सगळे पंजाबचेच. फरक फक्त खिशातल्या पासपोर्टात.

मामांनी शिकवलं ते एवढंच: "परदेशी पासपोर्ट दिसला की सी फॉर्म. चोवीस तासांच्या आत. जेवण राहिलं तर राहू दे." हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. तो विदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो, आणि जिल्ह्यात ते काम एसपी ऑफिसकडे असतं. पाहुणा नेमका कोणत्या गेटमधून देशात आला, व्हिसाचा नंबर कुठला, बारीक अक्षरातला तो क्रमांक शून्य की ओ, यात माझ्या पहिल्या कितीतरी रात्रपाळ्या गेल्या.

२०२३ च्या दसऱ्याला हल्लाबोलच्या मिरवणुकीत आमच्या रूम नंबर चारमधल्या बीबीजींची पर्स गेली. पासपोर्ट तिच्यातच. सत्तरीच्या बाई, जन्म होशियारपूरकडचा, नागरिकत्व कॅनडाचं, बरोबर फक्त भाऊ, तोही थकलेला. मामा म्हणाले, "बघायलीस काय? आधी ठाण्यात चल, हरवल्याची नोंद कर. बाकीचं मागून."

बाकीचं म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात चित्र असं की आपण फोन करायचा आणि कॅनडाचा एखादा साहेब झेंडा लावलेल्या गाडीतून नांदेडला यायचा. फोन लागला तो थेट ओटावात. तिथे चोवीस तास चालणारं एक केंद्र आहे, जगात कुठेही अडकलेल्या कॅनडियन माणसासाठी. पलीकडचा माणूस शांत होता, गोड होता आणि गाडी पाठवणार नव्हता. लॉजचं बिल ते भरत नाहीत, तिकीट काढून देत नाहीत. कोणते कागद लागतील ते सांगतात, आणि ते घेऊन माणसाने स्वतः त्यांच्या दारात जायचं.

दार कुठलं? मी बिनधास्त म्हटलं, हैदराबाद असेल. नांदेडच्या माणसाचं सगळं मोठं काम हैदराबादला होतं: दवाखाना, लग्नाचा बस्ता, परदेशी विमान. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. अमेरिकेने तिथे २००८ साली वकिलात उघडली, तीही बेगमपेठच्या पायगा पॅलेसमध्ये. ब्रिटिशांचा उप-उच्चायोगही तिथे आहे. पण वकिलातींचा नकाशा रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेला नसतो. प्रत्येकीला राज्यं वाटून दिलेली असतात, आणि महाराष्ट्र मुंबईच्या वाट्याला. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, त्याचा परिणाम बीबीजींच्या पासपोर्टपर्यंत पोचेल असं तेव्हा कुणाला वाटलं असणार!

नावांनी आणखी गोंधळ घातला. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे आपल्यासारखेच राष्ट्रकुलातले, म्हणून दिल्लीत त्यांचा दूतावास नाही, उच्चायोग असतो. पण मुंबईत ब्रिटनचा उप-उच्चायोग आणि कॅनडाची मात्र वकिलात. काम तेच. मी वहीत दोन रकाने आखले आणि शेवटी सोडून दिले.

'उच्चायुक्त' हा शब्द ऐकून काउंटरशी पेपर वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्या गुरुजींना निजाम आठवला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादवर पोलीस कारवाई झाली, आणि त्याच दिवसांत लंडनच्या बँकेतले निजाम सरकारचे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. निकाल लागला २०१९ साली, लंडनच्या उच्च न्यायालयात, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. "आपल्या मराठवाड्याचा शेतसाराही असंल त्यात," गुरुजी म्हणाले. बीबीजींना यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

तर मुंबई. तिकीट बघायला घेतलं आणि कळलं की तिथे जाऊन उपयोग नाही. कॅनडातल्या सरे इथल्या एका खुनावरून सप्टेंबरात कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत भारतावर आरोप केले होते. भारताने ते फेटाळले आणि म्हटलं, तुमचे अधिकारी आमच्याकडे फार झाले, संख्या बरोबरीत आणा. १९६१ च्या व्हिएन्ना करारात यजमान देशाला अशी मर्यादा घालता येते. ६२ पैकी २१ उरले, ४१ जण कुटुंबासह परत गेले. १९ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या पाचच दिवस आधी, कॅनडाने जाहीर केलं की मुंबई, चंदीगड आणि बंगळूरच्या वकिलातींत समक्ष काम सध्या थांबवतोय. सगळ्यांनी दिल्लीला यावं. बातम्यांत हे मी ऐकलं असणारच. पण '४१ अधिकारी' म्हणजे कुणाच्या तरी खिडकीवर पाटी लागणं, हे तेव्हा ध्यानात आलं.

मामांचं विश्लेषण सोपं होतं: "भांडण दिल्ली अन् ओटावाचं, भोग रूम नंबर चारला."

निघायच्या आधी फोटो. आमच्या फोटोवाल्याकडे पासपोर्टची दोन मापं ठरलेली. कॅनडाचं तिसरंच निघालं, ५० बाय ७० मिलिमीटर, आणि चेहऱ्याची उंचीसुद्धा ३१ ते ३६ मिलिमीटरमध्ये बसायला हवी. फोटोवाला पट्टी घेऊन बसला. शिवाय मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव, पत्ता आणि तारीख पाहिजे. हे ऐकल्यावर त्याचा वैताग पार गेला. त्याने शिक्का दोनदा झटकून, नवीन शाई घालून मारला. कॅनडाच्या सरकारी फाइलीत नांदेडचा पत्ता जाणार होता!

सचखंड एक्सप्रेस सकाळी निघते, दिल्लीवरून पुढे अमृतसरला जाते. बीबीजींचा भाऊ तिला घरची गाडी म्हणत होता. वाटेत स्टेशनावर लंगर मिळतो, म्हणून त्याला जेवणाचीही काळजी नव्हती. दिल्लीहून बीबीजींचा फोन आला तो शांतिपथावरून. एकाच रस्त्याला इतके देश लागून बसलेत, म्हणाल्या, की चालता चालता जग संपतं. तात्पुरत्या पासपोर्टचं काम होईल, असंही सांगितलं.

मला वाटलं, सुटलो. पण व्हिसा जुन्या पासपोर्टात होता. नव्यात काहीच नाही, म्हणजे भारतातून बाहेर पडायलाच परवानगी लागणार. ती कॅनडा देत नाही, भारत देतो. त्या ऑनलाइन अर्जाला पोलिसांची नोंद आणि राहण्याचा पुरावा हवा होता. बीबीजींच्या भाच्याने मला फोन केला, "दीदी, वो सी फॉर्म की कॉपी होगी?" होती. मी तेव्हाच्या तेव्हा पाठवली, आणि मामांना सांगितलं तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले.

बीबीजींचा नंबर माझ्याकडे राहिला. त्यांच्या नवऱ्याची फौजेतली पेन्शन त्यांना मिळते. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, आणि तो द्यायला टोरंटोची भारतीय वकिलात गुरुद्वाऱ्यांत, मंदिरांत शिबिरं भरवते. २०२४ च्या नोव्हेंबरात ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिरात अशाच शिबिराच्या वेळी हाणामारी झाली आणि वकिलातीने पुढची काही शिबिरं रद्द केली. त्या आठवड्यात बीबीजींचा फोन. आता दाखल्याचं काय करू, म्हणून विचारत होत्या. टोरंटोच्या वकिलातीचं नांदेडच्या लॉजला! मी त्यांना थांबायला सांगितलं, वही काढली आणि म्हटलं, "बीबीजी, आधी बँकेला विचारा, नोटरीचा चालतो का. नाही चालला तर बघू."