मुखपृष्ठावरचा तंबोरा

गाणे न दिसणारे असते. पण ते बाजारात न्यायचे म्हटले की त्याला चेहरा लागतो. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी हे काम आवाजच करीत असे. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा शेवटी त्या आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळायला हवे होते. 1948 साली लाँग प्ले तबकडी आली आणि पुढे तिच्या बारा इंची पुठ्ठ्यावर गवयाला ऐसपैस जागा मिळाली. नावाची जागा मुद्रेने घेतली.

माझ्या ख्यालाच्या सीडीसाठी छायाचित्र काढवून घ्यायला मी अंजनवेलहून मुंबईला गेले, तेव्हा ही मुद्रा कशी घडवतात ते पाहायला मिळाले. मुद्रणात साथीला इलेक्ट्रॉनिक तंबोरा होता. छायाचित्रासाठी मात्र मिरजेचा, मोठ्या भोपळ्याचा तंबोरा भाड्याने आणलेला. तारा उतरलेल्या होत्या. मी खुंट्या पिळू लागले तशी छायाचित्रकार म्हणाले, “ताई, जुळवायची गरज नाही. फोटोत ऐकू येत नाही. फक्त डोळे मिटा.” मागे गोपाळगडाचे चित्र घालू, म्हणजे कोकण कळेल, असेही त्यांनी सुचवले.

त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण मुखपृष्ठ एकाचे आणि मजकूर दुसऱ्याचा, हा प्रकार अंजनवेलकरांना चांगला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला तो वाशिष्ठीच्या आमच्या तीरावर, अंजनवेल-वेलदूर परिसरातल्या जमिनीवर. जगभर गाजले ते खाडीपलीकडच्या दाभोळचे नाव.

मी तंबोरा जुळवला. जव्हारी उघडेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तेवढ्यात छायाचित्रकारांनी कॅमेरा चालू ठेवला होता. त्यातल्या एका चित्रात माझी मान वाकडी आहे, कपाळावर आठी आहे, कान तारेकडे लागलेला आहे. नंतर काढलेल्या मिटल्या डोळ्यांच्या चित्रांत मी सुरेख दिसते. वाकड्या मानेचे चित्र घ्यावे, गड नको, असा आग्रह मी धरला, तसेच झाले.

हा हट्ट कशासाठी, असे एका विद्यार्थिनीने विचारले. मला भास्करबुवा बखले आठवले. त्यांची (1869–1922) छायाचित्रे आहेत, आवाजाचे मुद्रण मात्र नाही. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांच्या गाण्यातून आपण त्या गायकीचा अंदाज बांधतो. छायाचित्रातल्या पगडीतून तो बांधता येत नाही. याच्या उलट उदाहरण केसरबाई केरकरांचे. 1977 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हॉयेजर याने निघाली, त्यांच्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्या तबकडीच्या वेष्टनावर कोणाही कलावंताचा चेहरा नाही. ती कशी वाजवावी आणि कुठून आली, याच्या आकृत्या तेवढ्या कोरल्या आहेत.

परक्या श्रोत्याला खरोखर हवे असते ते एवढेच: हे ऐकावे कसे. जुळवणाऱ्या हाताचे चित्र त्याला निदान इतके सांगते की सूर आयता मिळत नाही, तो आधी ऐकावा लागतो. मिटलेले डोळे फक्त मी तल्लीन झाले आहे असे सांगतात, आणि ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही, ऐकणाऱ्याचा आहे.