कौल कुणाचा?

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालात की शेंद्रा लागतं. इथे मोठमोठे कारखाने आहेत, तसं मांगीरबाबांचं देवस्थानही आहे. चैत्रातल्या जत्रेत लोक नवस फेडायला येतात.

देवाला विचारणं तसं फार जुनं. प्राचीन ग्रीसमध्ये लोक डेल्फीला जाऊन अपोलो देवाच्या पुजारिणीला प्रश्न विचारत. आपल्या कोकणात देवाला कौल लावतात. उजवा कौल म्हणजे होकार! ‘कौल’ शब्द मूळचा अरबी, अर्थ वचन.

आज तोच कौल नाणेफेकीत लागतो आणि निवडणुकीतही. पण गंमत बघा, शेंद्र्यात मतदानाला रांग लागते ती कौल मागायला नव्हे, द्यायला! १९८९ पासून मतदानाचं वय १८ आहे. तेव्हा उत्तर शोधायला आत्तापासूनच लागा!